अनुसाबाईची पाठ

१९ सप्टेंबर २००६, मंगळवार. सकाळचे साडेदहा. अकोल्याच्या आमच्या रुग्णालयातल्या जुन्या भांडारखोलीत स्टुलावर बसून मी अनुसाबाईच्या पाठीची शिवण उसवत होते. हातात टाके काढायची कात्री, मांडीवर जुनी चादर आणि डोक्यात राग.

वाचणाऱ्यांनी दचकू नये. अनुसाबाई हाडामांसाची नव्हती. ती मानेपासून बैठकीपर्यंतची नुसती पाठ होती. आत सागाच्या लाकडाचे पाच मणके, त्यांच्या भोकांतून ओवलेली सायकलची ट्यूब, ट्यूबमध्ये पाणी, सभोवती दाबून भरलेला कापूस आणि वरून तपकिरी रेक्झिन. डॉक्टरांना पाठीत सुई देण्याचा सराव करता यावा म्हणून मीच ती करून घेतली होती. आता याला सिम्युलेशन म्हणतात, त्याच्या कार्यशाळा होतात, चहाबरोबर दोन प्रकारची बिस्किटं असतात. तेव्हा आम्ही नुसतं ‘अनुसाबाईकडे जाऊन येतो’ म्हणायचो.

मी भूलतज्ज्ञ. मूळची अमरावतीची, नोकरी सगळी अकोल्यात. लोकांना वाटतं, आम्ही माणसाला झोपवतो आणि मग कोपऱ्यात बसून राहतो. पण सिझेरियनच्या वेळी बाईला शक्यतो झोपवत नाहीत. तिला टेबलावर बसवायचं, पुढे वाकवायचं, हनुवटी छातीला लावायला सांगायची. मग कंबरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून अंगठ्यांनी मधला मणका शोधायचा आणि दोन मणक्यांच्या फटीतून केसासारखी बारीक सुई आत न्यायची. कातडी, चरबी, मग चिवट पडदे. शेवटच्या पडद्यातून सुई पार झाली की बोटाला अगदी हलकं ‘टक्’ जाणवतं. कानाला ऐकू येत नाही, बोटालाच येतं. सुईतली तार काढायची. स्वच्छ पाण्याचा एक थेंब सुईच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. तो थेंब पाहण्यासारखं सुख माझ्या धंद्यात दुसरं नाही. मग औषध द्यायचं. पाच-सात मिनिटांत कंबरेखालचं अंग बधिर होतं आणि बाई जागेपणी स्वतःच्या लेकराचं पहिलं रडणं ऐकते.

सोपं वाटतं? फट अर्ध्या बोटाची असते. समोर कळा देणारी बाई असते, ती हलते, ओरडते. सुई हाडाला लागली की पूर्ण मागे घेऊन दिशा बदलावी लागते. आणि हा हात सायकलसारखा नाही, की एकदा आली ती आयुष्यभर आली. हा भाकरीसारखा आहे. वर्षभर थापली नाही तर पुढची काठाला फाटते.

तालुक्यांना भूलतज्ज्ञ मिळत नव्हते, म्हणून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना काही महिने शिकवून पाठीतली सुई देण्यापुरतं तयार करत. त्यातले एक वानखडे. अकोट रस्त्यावरच्या एका गावी ग्रामीण रुग्णालयात होते. गावाचं नाव सांगत नाही. गावही आहे आणि डॉक्टरही आहेत. पस्तिशीचे, गोरेपान, कामाला चोख, आणि ओठांवर कायम ‘होते जी’, म्हणजे ‘होतं हो’. शिकून गेले तेव्हा हात सुंदर होता. मग तिथल्या सर्जनची बदली झाली, सात-आठ महिने शस्त्रक्रियागृह बंद राहिलं. पुढे काझी मॅडम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे आल्या, गृह उघडलं, आणि पहिल्याच बाईला वानखडेंची सुई हाडावर अडकली ती अडकलीच. त्या बाईला जीपमध्ये घालून अकोल्याला पाठवावं लागलं. तासाचा रस्ता, आणि रस्ता म्हणजे काय होता ते त्या भागातल्यांना ठाऊक आहे. त्या दिवसापासून वानखडेंनी सुईला हात लावायचं सोडलं. आली बाई की लिहिली चिठ्ठी, पाठवली अकोल्याला.

मग मीच का जात नव्हते तिकडे? ती वर्षं कसली होती, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगायला नको. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. माझ्या वाट्याला ती वर्षं घशातून आली. कपाशीवरचं औषध पोटात गेलेली माणसं रोज यायची. कोणी स्वतः घेतलेलं, कोणाच्या फवारता फवारता नाकातोंडात गेलेलं. घशात नळी घालायची, हाताने श्वास द्यायचा, डोळ्यांच्या बाहुल्या पाहत औषध वाढवत न्यायचं. हे काम भूलतज्ज्ञाचं. आम्ही दोघं होतो, पण हजर एकच असायचा. मी सकाळी अतिदक्षता कक्षात शिरले की तिथेच. शस्त्रक्रियागृहातल्या पाठीच्या सुया मी शिकाऊ डॉक्टरांवर सोपवल्या होत्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मला तालुक्याला जाता येत नव्हतं, वानखडेंना मात्र दर मंगळवारी अकोल्याला येता येत होतं. जिवंत बाईच्या पाठीवर सराव करायला मी देणार नव्हते. म्हणून अनुसाबाई.

तिचा कर्ता हनीफचाचा, बाळापूरचा गादीवाला. चार वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आला होता. मी पाठीत सुई घातली आणि हा गृहस्थ वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, “आता पार झाली. हाय ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुमचा हात थांबला ना जी. आमचाबी थांबते. डॉक्टरीनबाई, थे सुई मले दाखवाल एकडाव?”

औषध चढेपर्यंत त्याने सुईची लांबी, टोक, तार सगळं विचारून घेतलं. असा रोगी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून पाठ करायची ठरल्यावर मी सरळ बाळापूरची एसटी धरली. बरोबर सुताराकडून केलेले मणके आणि बाजारातून आणलेला स्पंज.

चाचाने स्पंज दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. “हे कायले आनलं? स्पंजात सुई म्हंजे पान्यात काठी. कुठं चालली, तिलेच मालूम नाई.” मग त्याने कापूस पिंजला. वरच्या थराला हलका, खाली दाबून, त्याखाली आणखी दाबून, आणि मणक्यांच्या फटीवर दुहेरी मेणकापड ढोलासारखं ताणून बसवलं. मी सुई घातली. मेणकापडाशी आली, अडली, जरा जोर दिला, आणि टक्!

मी अक्षरशः ओरडले. चाचाची बायको आतून धावत आली. तिला वाटलं मला टोचलं.

मंगळवारचे वर्ग झकास सुरू झाले. सुया भांडारातल्या, मुदत संपलेल्या, फेकायच्याच होत्या. वानखडेंबरोबर आणखी चार-पाच डॉक्टर यायला लागले. अमरावतीकडचे एक वयस्क डॉक्टर सुई घेण्याआधी अनुसाबाईला नमस्कार करत. मोझरीहून येणारे एक जण प्रत्येक वेळी सुईला दोष देत. मी त्यांना दहा सुया एका रांगेत मांडून दिल्या आणि म्हटलं, यातली तुमच्या नशिबाची निवडा.

पण खरी करामत इंगळे सिस्टरांची. सिस्टर आमच्या प्रसूतिकक्षातल्या जुन्या परिचारिका. पंचवीस वर्षं बायांच्या शिव्या ऐकलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मॅडम, हे बाई लय गरीब हाय. अशी गप बसनारी बाई मी आजलोक पाह्यली नाई.” आणि स्वतः अनुसाबाईच्या पुढ्यात बसून तिचा आवाज झाल्या.

“अगं माय वं! किती टोचून राहिले हो! येते का नाई तुमाले?”

वानखडेंच्या कपाळावर घाम. “होते जी, मावशी. एक मिनिट.”

“मावशी कोनाले म्हनता? मी काय म्हातारी हावो का? अन् एक मिनिट, एक मिनिट करून अर्धा तास झाला. माह्या सासूले बोलवा!”

आम्ही हसून हसून बेजार. पण त्यात शहाणपण होतं. सुई देणाऱ्याचा हात आवाजाने डळमळतो. आवाजाची सवय झाली की अर्धी लढाई जिंकली. परदेशी पुतळे पुढे मी पाहिले, त्यांच्या पोटात यंत्र असतं, ते कण्हतात. इंगळे सिस्टरांच्या नखाची सर नाही.

ऑगस्ट संपेपर्यंत वानखडेंचा हात असा बसला, की विचारू नका. सिस्टर बोंबलत असायच्या आणि हे वीसपैकी वीस वेळा थेंब काढून दाखवायचे. मी हुरळून गेले. सगळ्या कक्षांमध्ये सांगत सुटले. काझी मॅडमना फोन केला, “तुमचा माणूस तयार आहे. लावा सिझेरियनची यादी.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी यादी लावली. पहिलीच बाई. वानखडेंनी चार वेळा सुई घातली, चारही वेळा हाड. पुन्हा जीप, पुन्हा तो रस्ता. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली, ही आमची कमाई नव्हे. आमच्या शिकाऊ डॉक्टरने तिला पहिल्या प्रयत्नात सुई दिली. मी तेव्हा खाली कोणाच्या तरी घशात नळी घालत होते.

संध्याकाळी काझी मॅडमचा फोन आला. त्या कमी बोलणाऱ्या. “मॅडम, मी दिवाळीपर्यंत पाहते. सुई देणारा नसेल तर मी इथे पगार घेऊन काय करू? बदली मागेन. मग हे गृह पुन्हा बंद. पुन्हा कधी उघडेल, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. बंद पडलेलं शस्त्रक्रियागृह आधी गोदाम होतं, मग त्यात मोडक्या खाटा जातात, मग त्याची किल्ली हरवते.

वानखडेंना मी फोनवर फाडून खाल्लं. “इथे वीसपैकी वीस, आणि तिथे काय झालं तुम्हाला?”

पलीकडून वानखडे म्हणाले, “मले नाई समजून राहिलं मॅडम. अनुसाबाईच्या पाठीत सुई आपोआप जाते. थ्या बाईच्या पाठीत गेलीच नाई.”

‘आपोआप जाते’ हे शब्द मी रात्रभर चघळले, आणि मंगळवारी सकाळी कात्री घेऊन भांडारखोलीत बसले.

रेक्झिन सोललं. त्यावर एकाच जागी पांढऱ्या चिकटपट्टीचे दहा-अकरा तुकडे एकावर एक. मी इंगळे सिस्टरांना हाक मारली.

“हे काय?”

“भोकं पडले होते ना मॅडम. चांगलं नाई दिसत. मी दर मंगळवारी वर्ग झाला की नवी पट्टी लावतो.”

“अगदी त्याच जागी?”

“भोकं तिथंच होते तर पट्टी दुसरीकडं कायले लावू?”

म्हणजे आम्ही पाठीवर खूण करून ठेवली होती: सुई इथे घाला. आणि आत? चादरीवर कापूस उघडला तेव्हा त्यात पेन्सिल जाईल एवढा गुळगुळीत बोगदा होता. मेणकापडाची चाळणी. अडीच महिने सगळ्या सुया एकाच बिळातून ये-जा करत होत्या. काटकसर म्हणून मी ना कापूस बदलला, ना कापड. वानखडेंना आम्ही पाठ शिकवलीच नव्हती. भोक शिकवलं होतं.

सिस्टर तोंडाला पदर लावून उभ्या. मी त्यांना म्हटलं, “चूक पट्टीची नाही, माझी आहे. वर्ग सुरू झाल्यावर मी एकदाही सुई हातात घेऊन पाहिली नाही.” तो जीपमधला तास त्या बाईला मी दिला होता. त्या मंगळवारी वानखडे आलेच नव्हते, म्हणून हे मी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त ‘होते जी’ म्हटलं, पण आवाज जरा मोकळा वाटला.

दुसऱ्या दिवशी उघडी अनुसाबाई गाठोड्यात बांधून बाळापूरला. चाचाने बोगद्यात करंगळी घातली आणि मान हलवली.

“डॉक्टरीनबाई, जुन्या टाक्यात सुई आंधळीबी जाते. म्हनून गादी उसवली का आमी कापूस पह्यले पुरा पिंजतो, खोळ उलटी करतो, मंगच नवे टाके. नाई तर नवी गादी जुन्याच जागी खचते. तुमी हिले एकडाव शिवली अन् इसरून गेल्या. गादी बी सालाले एकडाव उसवा लागते. अन् हिच्यात तर तुमी रोज टाके घालून राहिल्या!”

“मग दर वेळी नवी करायची?”

“दर खेपेले. मी पिंजून देतो. पन एक अट. हाड कुठं बसवलं, थे मी सांगनार नाई.”

मला हा माणूस त्या क्षणी कवटाळावासा वाटला. तसं करत नाहीत, म्हणून मी नुसता चहा मागितला.

आठवडाभरात त्याने तीन पाठी पाठवल्या. एक काटकुळी, एक जाडजूड, कमरेला तीन बोटं कापूस जास्त, आणि एक किंचित एका अंगाला कललेली, जशा आयुष्यभर डोक्यावर ओझं वाहिलेल्या बायांच्या असतात. रेक्झिन कोरं. मणके कुठे, ते बाहेरून दिसायचं नाही, चाचपून शोधायचं. रोजे सुरू झाले होते. उपाशीपोटी, कापसाच्या धुळीत नाकाला फडकं बांधून त्याने ते पिंजलं होतं. तिसरी पाठ द्यायला तो स्वतः आला, कारण त्याला गंमत पाहायची होती.

मंगळवार होता. वानखडे भिंतीला टेकून उभे, हात खिशात. चाचाने जाडजूड पाठ टेबलावर ठेवली, आणि मी वानखडेंकडे सुई करताच म्हणाला, “पह्यले तुमी.”

“मी?”

“मास्तरीन पह्यले. आमच्यातबी उस्ताद पह्यला टाका घालते.”

मी हातमोजे चढवले. सिस्टर पुढे बसल्या. मी चाचपलं, जागा ठरवली, सुई घातली. हाड. मागे घेऊन पुन्हा. हाड. सिस्टर सुरू झाल्या, “अवो मॅडम, हळू टोचा ना! मी का पोतं हावो का?” तिसरी, चौथी, पाचवी. हाड, हाड, हाड. सिस्टरही गप्प झाल्या, आणि ते गप्प होणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. सातव्या वेळी मी सुई खाली ठेवली.

आता ते वाक्य आठवा. तीन वर्षं मी घशातल्या नळ्या घातल्या. त्यात माझा हात असा तयार झाला होता, की अंधारात घालून दिली असती. आणि तेवढ्या काळात पाठीचा हात निघून गेला. मला पत्ता नाही! लोकांच्या हातांची काळजी करत फिरत होते.

“मॅडम,” वानखडे भिंतीपासून पुढे आले, “तुमालेबी होते असं?”

“होतं. दिसलं ना आत्ता?”

हा माणूस हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. चिडवून नव्हे; एखाद्याच्या डोक्यावरून पोतं उतरावं तसा. “बाप्पा! मले वाटे मीच तेवढा नालायक हावो.”

“तुम्ही आहातच. पण आता आपण दोघं आहोत. घ्या सुई.”

त्यांनी सुई घेतली. हाड लागलं. आणि मला त्यांची चूक दिसली, जी त्या बोगद्याने अडीच महिने माझ्यापासून लपवली होती. हाड लागलं की ते सुई मागे घेत नव्हते. आतल्या आतच वाकवून दिशा बदलू पाहत होते. आत शिरलेली बारीक सुई अशी वळत नाही. वाकते आणि पुन्हा त्याच हाडावर जाऊन बसते. माझ्याआधी चाचाच म्हणाला,

“डॉक्टरसाब, दाभन आत मोडून पडन. पुरी मांगं घ्या.”

“मांगं घेतली तर बाईले वाटते ना, का याले जमलं नाई.”

“वाटू द्या. नाई जमलं तर नाई जमलं. मांगं आल्याबिगर रस्ता भेटत नाई जी.”

मी शिकवताना हे पन्नासदा सांगितलं असेल. गादीवाल्याने सांगितलं ते लागलं. मला जरा मत्सर वाटला, तोही लिहून ठेवते.

त्या दिवशी वानखडेंना अकरापैकी तीन थेंब मिळाले. मला दहापैकी दोन. इतका आनंद मला वीसपैकी वीसचाही झाला नव्हता, कारण हे आकडे खरे होते. पुढचे तीन मंगळवार आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून टोचत होतो. वर्ग संपला की मी स्वतः शिवण उसवायची, कापूस मोकळा करायची. संध्याकाळच्या एसटीने गाठोडं बाळापूरला, पुढच्या मंगळवारी नवी पाठ परत. अमरावतीकडच्या वयस्क डॉक्टरांनी नमस्कार चालू ठेवला, पण आता घाबरून करत. मोझरीवाल्यांनी सुईला दोष देणं बंद केलं. ते चाचाला देऊ लागले.

तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी मी शस्त्रक्रियागृहाच्या फळ्यावर पहिल्या सिझेरियनपुढे स्वतःचं नाव लिहिलं. शिकाऊ डॉक्टर पाहतच राहिली. “मॅडम, तुम्ही?” मी म्हटलं, तू माझ्या मागे उभी राहा, तीनदा चुकले तर सुई तुझी. पहिल्यांदा हाड लागलं. पूर्ण मागे आले. दुसऱ्यांदा, टक्! थेंब. ती बाई मागे मान वळवून म्हणाली, “झालं का? मले वाटलं अजून पाहूनच राहिल्या.” मी मास्कच्या आत एकटी हसत होते.

तिकडे वानखडेंना काझी मॅडमनी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली एक तारीख दिली. “ही शेवटची यादी,” त्या म्हणाल्या. मी जाते म्हटलं. वानखडे नको म्हणाले. “तुमी मांगं उभ्या राह्यल्या तर मी तुमच्याकडंच पाहीन. सिस्टरले पाठवा.” बरोबर होतं. मी इंगळे सिस्टरांना पाठवलं, आणि निघताना बजावलं, “तोंड बंद ठेवायचं. तिथे बाई खरी आहे.”

त्या दिवशी माझ्या कक्षात फवारणीतून आलेले दोघे होते. एकाची नळी काढून झाली होती, दुसऱ्याला मी हाताने रबरी फुगा दाबून श्वास देत होते. दुपारी साडेतीनला फोन वाजला. परिचारिकेने तो माझ्या कानाशी धरला.

“मॅडम, वानखडे.”

“बोला.”

“जाड होती बाई. आपल्या दुसऱ्या पाठीपेक्षाबी जाड.”

“मग?”

“दोनदा हाड लागलं.”

मी फुगा दाबत होते. दाबणं थांबवता येत नाही. “मग?”

“पुरा मांगं आलो. बाई म्हने, येत नाई का तुमाले? मी म्हनलं, दोन डाव नाई आलं मावशी, आता पाहतो. अन्...”

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण पलीकडे कोणीतरी खणखणीत रडायला लागलं होतं. अगदी नवं, ताजं, संतापलेलं रडणं. आणि त्यावर सिस्टरांचा आवाज, “ऐकलं का मॅडम? पोरगी हाय! मी एक शब्द नाई बोलली, देवाशपथ!”

मी काय बोलले आठवत नाही. परिचारिका सांगते की मी म्हणाले, “ठीक आहे, सुया मोजून परत आणा.” असेल. पण फुग्यावरचा माझा हात दोन श्वास जरा जास्त जोरात चालला, हे मला आठवतं. तो माणूसही वाचला.

काझी मॅडमनी बदली मागितली नाही. पुढे काही वर्षांनी मोठ्या खोक्यातून परदेशी पुतळा आला. कातडी गुळगुळीत, पाठ एकच, कायम तीच. नोंद झाली, कुलूप लागलं. किल्ली मागायला अर्ज लागतो.

वानखडेंचा फोन आला त्या संध्याकाळी सिस्टरांनी शेवटच्या मंगळवारची, माझ्याकडून उसवायची राहून गेलेली पाठ जपून कपाटात ठेवली, वर नवं कापड झाकलं. म्हणाल्या, “हे आता उसवू नका मॅडम. लय शुभ हाय. वानखडे डॉक्टर याच्यावरच पास झाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी ती कपाटातून काढली, शिवण उसवली, कापूस मोकळा केला आणि गाठोडं मांडीवर घेऊन बाळापूरच्या एसटीत बसले. गाठोड्यातून लाकडी मणक्याचं टोक बाहेर डोकावत होतं. कंडक्टरने ते बोटाने दाबून पाहिलं.

“हे काय होय जी?”

“पाठ.”

“कोनाची?”

“कालपर्यंत एका डॉक्टरांची होती,” मी म्हटलं. “आता पिंजायला चालवली आहे.”